अश्रूंचं आगाऊ आरक्षण

आमच्या भाचेबुवांना सिनेमा फार कळतो. बघण्याआधीच कळतो. इंजिनिअरिंगला आहेत, तिसरं वर्ष, पुण्यात आमच्याकडेच मुक्काम. अभ्यासातून सवड मिळाली नाही असा शुक्रवार अजून उजाडलेला नाही. गुरुवारी रात्री टीझर, ट्रेलर, गाणी आणि परदेशात कुणीतरी आधीच बघून सांगितलेली हकिगत एवढं पचवलं, की उद्या आपल्याला काय वाटणार आहे हे ठरतं. मग ते फक्त वाटून घ्यायचं उरतं. तिकीट त्यासाठी.

१८ जुलै २०२५ला ‘सैयारा’ लागला आणि देशभरात कॉलेजची पोरंपोरी थिएटरात ढसाढसा रडली. कुणी शर्ट काढून रडलं, कुणी खुर्च्यांमधल्या वाटेत आडवं झालं, आणि एक पठ्ठ्या तर हाताला सलाईन लावून सिनेमा बघताना घरोघरच्या फोनवर दिसला. म्हणजे आता मागे राहून चालणार नव्हतं. भाचेबुवांच्या ग्रुपची बैठक झाली. रडणार कोण, सावरणार कोण, शूट कोण करणार? प्रोजेक्टला पार्टनर ठरवायला या मंडळींना महिना लागतो. हे वाटप रिक्षात झालं. रडण्याचा मान आमच्या घराण्याकडे आला, कारण ग्रुपमधला सर्वांत ताजा ब्रेकअप भाचेबुवांचा होता.

मी आणि त्यांची मामी दोन रांगा मागे बसलो होतो. सिनेमातल्या नायिकेला विस्मरणाचा आजार आहे. बिचारी एकेक गोष्ट विसरत जाते. तिच्या दुःखात आकंठ बुडालेल्या प्रेक्षकांपैकी फोन काढायला मात्र एकही जण विसरला नाही. भाचेबुवांचा पहिला हुंदका अंधारात वाया गेला. दुसरा उत्तम लागला होता, पण मामी शिंकली. शेवटी जो चांगला आला, तेव्हा पडद्यावर नायक-नायिका मजेत होते. पण पडदा फ्रेममध्ये नव्हता, त्यामुळे चाललं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून खेकसले, ‘अरे, काय चाललंय? आम्ही पैसे देऊन आलोय!’ तेही रीलमध्ये गेलं, आणि सगळ्यात जास्त लाइक त्यांनाच पडले.

परतताना रिक्षातच लेटरबॉक्स्डवर निकाल लागला: अडीच तारे.

‘अरे, एवढा रडलास आणि अडीच?’

‘मामा, तुला कळत नाही. रडलो ते इन्स्टावर. लेटरबॉक्स्डवर मला नोलनवाले फॉलो करतात.’

नोलनवाल्यांचं शास्त्र वेगळं असतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नोलनचा ‘इंटरस्टेलर’ आयमॅक्सला पुन्हा लागला, तेव्हा मी ते जवळून पाहिलं. तिथे शर्ट काढायचा नसतो. तिथे थक्क व्हायचं, एक बोट ओठावर ठेवायचं आणि शेवटची नामावली पूर्ण सरकेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. झाडू घेऊन दारात उभा राहिलेला माणूसही मग थक्क होऊन बघत बसतो. सिनेमा मूळचा २०१४चा, म्हणजे भाचेबुवा प्राथमिक शाळेत होते. पण बाहेर आल्यावर ते ज्या सुरात ‘पूर्वी असे सिनेमे निघायचे’ म्हणाले, त्यात मला माझे आजोबा ऐकू आले.

संगीताचं प्रकरण जरा खर्चिक. २२ सप्टेंबर २०२४ला दुपारी बारा वाजता कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत तिकीट. भाचेबुवांचा ऑनलाइन रांगेतला नंबर लाखांत होता. रेशनच्या रांगेत आयुष्य घालवलेल्या माझ्या आईने तो बघून विचारलं, ‘तेल देतात का रे?’ तिकीट मिळालं नाही. बहिणीने पाठवलेली सेमिस्टरची फी त्यामुळे कॉलेजलाच भरावी लागली. अखेर २६ जानेवारी २०२५ला अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला, तो आमच्या हॉलमध्ये बारा पोरांनी उभ्याने पाहिला. सोफे रिकामे होते. बसून बघितलं तर लाइव्ह वाटत नाही म्हणे. तिकडे स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या मनगटावरचे पट्टे दूरनियंत्रणाने हजारोंनी उजळत, विझत होते. इकडे तेच काम एकजण ट्यूबलाइटच्या बटणावर करत होता. स्टार्टर गेला.

कोल्डप्लेचा गायक कार्यक्रमात एका गाण्यापुरते सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो. फार मोलाची विनंती आहे. तिचे व्हिडिओ भरपूर उपलब्ध आहेत.

हे सगळं बघून आमच्या पिढीने नाकं मुरडणं साहजिक आहे, पण पुण्याने तरी फार मुरडू नयेत. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाला जाऊन बघा. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका. पडदा उघडायच्या आधीच ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ सुरू होतं. एकांकिका कशी आहे याच्याशी त्या आवाजाचा संबंध नाही आणि कुणी तो ठेवायची अपेक्षाही करत नाही. आज निवृत्त होऊन बागेत प्राणायाम करणारे अनेक गृहस्थ तिथेच घसा घालवून बसलेले आहेत. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका त्या तोलाची वाटली नाही आणि त्यांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. इतकी वर्षं विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला एकदा लेखी उत्तर मिळालं.

त्याच्याही मागे जायचं तर संगीत नाटकांचे वन्समोअर आहेत. रात्री सुरू झालेलं नाटक वन्समोअर घेत घेत कोंबडं आरवेपर्यंत चालायचं. कथानक बिचारं विंगेत ताटकळायचं. तेव्हा रील नव्हतं, म्हणून तीच प्रतिक्रिया पुनःपुन्हा द्यावी लागे, एवढाच काय तो फरक.

आणि सवाई? १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. बरीच वर्षं तो रमणबागेच्या मैदानावर गाजला, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. तिथे डिसेंबरात जे श्रोते येतात, त्यांचंही काय वाटायचं ते ठरलेलं असतं. गुरुवारी रात्री नव्हे, साधारण १९८२ साली. तंबोरे जुळायच्या आत ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं होऊन जातं. पूर्वी रात्रभर चालायचं, हे खरंच. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाचा काटा आडवा आला. पण रात्रभर ऐकल्याचं सांगणाऱ्यांची संख्या बघता, रमणबागेत एवढी माणसं मावली कशी, हा स्थापत्य अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. भाचेबुवांना प्रोजेक्टसाठी सुचवून पाहिला. त्यांची शाखा कॉम्प्युटर.

तरीही त्यांना मी सवाईला नेलं. भारतीय बैठक. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शाल, कानटोपी आणि थर्मास असा संपूर्ण जामानिमा केलेले एक काका. काकांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता, मान बंदिशीच्या अर्धा पाऊल पुढे चालत होती, आणि दर दोन मिनिटांनी ‘वा!’ निघत होता. भाचेबुवांना गायकाचं चित्रीकरण करायचंच नव्हतं. त्यांनी फोन आपल्याकडे वळवला, डोळे मिटले आणि तल्लीन झाले. मधूनच एक डोळा उघडून तल्लीनता नीट दिसतेय ना, हे तपासत होते.

द्रुत रंगात आली. गायक-तबलजींची जुगलबंदी जमली, तिहाई सुरू झाली आणि भाचेबुवांचे दोन्ही डोळे टक्क उघडले. फोन कलंडला. तिसरा तुकडा येऊन आदळला आणि त्यांच्या तोंडून निघालं, ‘विषय हार्ड!’

समेवर. अगदी टिच्चून समेवर. काकांचा ‘वा!’ त्याआधी दीड मात्रा येऊन गेला होता.

आसपासच्या चार माना वळल्या. काकाही वळले. मी क्षमायाचनेचं वाक्य जुळवत होतो. काकांनी आधी भाचेबुवांकडे पाहिलं, मग कलंडलेल्या फोनकडे.

‘हे रेकॉर्ड झालं का रे?’

‘हो काका. सॉरी काका.’

‘सॉरी कसलं! मला पाठव. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर टाकतो.’ नंबर सांगून झाला, थर्मासचं झाकण घट्ट लावून झालं. मग काका भाचेबुवांच्या कानाशी वाकले. ‘एडिटिंगमध्ये माझा तो ‘वा’ तेवढा जरा पुढे सरकवता येईल का? समेवर?’

‘येईल की,’ भाचेबुवा म्हणाले. ‘दोन आणखी टाकू का?’