मोल्ड थंड होईल

घरातून हाक आली तरी जागचं न हलण्याच्या सबबी मराठी पुरुषाकडे पिढीजात असतात. पेपर वाचतोय, जप चाललाय, पाठीत उसण भरलीय. पण यातल्या एकाही सबबीला धातुशास्त्राचा आधार नाही. तो आहे आमच्या शेजारच्या शिसेकाकांच्या सबबीला. (हे नाव आम्ही घरातल्या घरात ठेवलंय, त्यांना पत्ता नाही.) काका इथे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्येच जन्मले, वाढले आणि रिटायर झाले. आता गॅरेजमध्ये बसून बंदुकीच्या गोळ्या ओततात. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचाय, म्हणून काकू दारातून ओरडतात. काका मान न वळवता उत्तर देतात, "मोल्ड थंड होईल!"

आणि तो खरंच होतो. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. पण ते वितळवणं हे यातलं सोपं काम. खरे नखरे मोल्डचे. तो थंड असला की गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, फार तापला की गोळी पांढुरकी, चमक गेलेली निघते. मधलं तापमान राखायचं तर हात थांबता कामा नये. ओता, वरचं शिसं गोठू द्या, लाकडी दांडक्यानं टोला देऊन वरची पट्टी फिरवा, मोल्ड उघडा, गोळ्या जुन्या टॉवेलवर पाडा, मिटा, पुन्हा ओता. सुरुवातीच्या गोळ्या हमखास बिघडतात. हे ऐकून आमच्या घरच्या मंडळींनी एका वाक्यात विषय संपवला, "पहिलं घावन कुणाचं नीट निघालंय?" फरक इतकाच, की बिघडलेली गोळी नवऱ्याच्या ताटात जात नाही, पुन्हा भांड्यात जाते.

आरामाच्या बाबतीत मात्र काका कलावंत आहेत. कोपर उचलावं लागू नये अशा उंचीची खुर्ची. समोर विजेवर चालणारं भांडं, त्याची तोटी खालून, म्हणजे डाव घेऊन झुकायला नको. डावीकडे टॉवेल, उजवीकडे शेगडी, तिच्यावर दुसरा मोल्ड तापत ठेवलेला. खिडकी उघडी आणि पंखा पाठीमागे, म्हणजे वाफ तोंडावर न येता परस्पर बाहेर. रेडिओवर बेसबॉल. मी आयटीत इतकी वर्षं काढली, पण बसण्याचा इतका सखोल विचार आमच्या कुठल्याही कंपनीनं केलेला पाहिला नाही.

या ऐषारामात एकच गोष्ट वर्ज्य, ती म्हणजे पाणी. वितळलेल्या शिशाखाली थेंब सापडला, तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. कपाळावरून ओघळणारा घामसुद्धा इथे गुन्हेगार. म्हणून भर उन्हाळ्यात काका पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल अशा थाटात बसतात. खाणंपिणंही बंद, कारण शिसं हातावरून पोटात जातं. गॅरेजमध्ये मला चहा विचारला जात नाही, आणि मीही वाईट वाटून घेत नाही. चहा न विचारण्यामागे पाहुण्याच्या प्रकृतीची काळजी असल्याचं हे मी पाहिलेलं एकमेव घर. लहान मुलांना तर उंबऱ्याशीच मज्जाव. नातवंडं आली की काकांना गोळ्यांचा साठा कमी पडल्याचं नेमकं आठवतं.

"गोळी जवळजवळ फुकट पडते," असं काका काकूंना सांगतात. टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिशाची वजनं मिळतात, हे खरं. हल्ली त्यांत जस्ताची वजनं मिसळलेली असतात. पण जस्त वितळायला ४१९ अंश लागतात, म्हणून आच त्याखाली ठेवली की ती वर तरंगतात आणि चमच्यानं काढून टाकता येतात. भांडं, मोल्ड, पंखा, खुर्ची यांचे पैसे या हिशेबात कुठेच नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यात मसाल्याची पावती गॅरेजात लपवलेली. काकांचा जीव की प्राण म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यातलं लायनोटाइपचं मिश्रण: ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. गोळीला कडकपणा येतो तो त्यानं. जन्मभर कुणालाही न लागलेले अग्रलेख शेवटी एकदाचे निशाणावर बसतात, असं माझं आपलं मत.

(वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील, तर भारतात परवान्याशिवाय हा उद्योग करू नये. १९५९ चा शस्त्र कायदा बसण्याची सोय सरकारी खर्चानं करतो.)

काकांना आपल्या छंदाच्या घराण्याचा अभिमान आहे आणि तो पोकळ नाही. ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि जमावानं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावरचा पुतळा खाली ओढला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे आमच्याच राज्यात लिचफील्डला, तिथले पुढारी ऑलिव्हर वुल्कॉट यांच्या घरी आले, आणि राजाच्या गोळ्या ओतून ४२,०८८ काडतुसं तयार झाली, राजाच्याच सैन्याला परत करायला. ही कहाणी काका खुर्चीत रेलून, छाती फुगवून सांगतात. ती काडतुसं केली कुणी, हे मात्र सांगत नाहीत.

वुल्कॉट यांनी नावनिशीवार हिशेब ठेवला होता, त्यामुळे ते लपत नाही. शेजारच्या रूथ मार्विनची ११,५९२. वुल्कॉट यांची ११ वर्षांची मुलगी मेरी अ‍ॅन हिची १०,७९०, तिची थोरली बहीण लॉरा हिची ८,३७८. आठ वर्षांच्या फ्रेडरिकची ९३६. तो बहुधा मध्येच खेळायला पळाला असावा, आणि त्या यादीत मला आपला वाटणारा तो एकटाच. वुल्कॉट स्वतः? त्यांनी हिशेब लिहिला.

हे आकडे मी परवा कुंपणापाशी काकूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गॅरेजच्या दारात जाऊन खणखणीत आवाजात पुन्हा म्हटले: बायका-मुलांनी, खुर्चीशिवाय, पंख्याशिवाय, बेसबॉलशिवाय, बेचाळीस हजार! काकांनी पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं. आपल्या कामाला वेग नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं आणि त्याच संध्याकाळी एका दमात सहा गोळ्या ओतणारा नवा मोल्ड मागवला.