पाणी वरूनच येतं

आमच्या पॅसेजच्या छतावरची ओल पहिल्यांदा पाहिली ती नानांनी. जून २०२४ मधली गोष्ट. डोंबिवलीत पहिला धो धो पाऊस होऊन गेला होता आणि नाना वाचून झालेलं वर्तमानपत्र परत द्यायला तिसऱ्या मजल्यावरून खाली आले होते. दारात चपला काढता काढता त्यांनी मान वर केली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "श्रीलंका."

टी-ट्वेंटीचा विश्वचषक चालू होता. मी विचारलं, "किती झाल्या?"

"धावा नव्हे रे. वर बघ."

वर खरोखरच श्रीलंका होती. ट्यूबलाइटपासून वीतभर अंतरावर, लोंबत्या थेंबासारखी, कडेने पिवळसर. माझ्या तोंडून "अरे बापरे" निघालं. नानांना ती दाद वाटली. मग २०२२ साली श्रीलंकेची परकीय गंगाजळी कशी आटली, पेट्रोलला रांगा कशा लागल्या आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून कसे गेले, हे सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. पाऊण तासाने निघाले आणि जिना चढता चढता म्हणाले, "आणि ते छत बघून घे. गच्चीचं पाणी आहे."

"नाना, बिल्डिंग चार मजली. आम्ही दुसऱ्यावर. गच्ची कुठे, आम्ही कुठे!"

"पाण्याला मजले मोजता येतात का?"

आता हे काही खोटं नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी भेगेच्या, सळईच्या कडेने वाट काढत कुठल्या कुठे जातं. जिथे टपकतं तिथेच वर भोक असतं असं मुळीच नाही. नानांच्या बाबतीत अडचण होते ती इथेच. ते थापा मारत नाहीत. बोलतात ते बहुतेक खरंच असतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी घराला लागू असतं.

याला कारण त्यांची नोकरी. नाना ३६ वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. मागणीची चिठ्ठी आली की रॅकवरून वस्तू काढायची, बिनकार्डावर नोंद करायची आणि खिडकीतून सरकवायची. खिडकीपलीकडे त्या वस्तूचं पुढे काय होतं, हे पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. त्यामुळे जगातल्या बहुतेक वस्तूंचं नाव, नंबर आणि माप त्यांना तोंडपाठ. उपयोग तेवढा ऐकीव. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्या, पाचाने गुणा, की भोकाचं माप मिळतं, हे मला त्यांनीच शिकवलं. ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर. "पण हे ०४ पासून पुढे हां. ०३ ला १७. तिथे भलेभले फसतात." मी अजून एकदाही फसलेलो नाही, कारण मला अजून एकदाही बेअरिंगचं भोक मोजावं लागलेलं नाही.

आमच्या हॉलमधला पंखा हळू फिरायला लागला तेव्हा नानांनी खालूनच निदान केलं. "६२०२ गेलं." मी बेअरिंग बदलून घेतलं. पंखा पूर्वीइतकाच हळू, पण अत्यंत शांतपणे फिरू लागला. शेवटी इलेक्ट्रिशियन आला, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला आणि दहा मिनिटांत निघूनही गेला. मी नानांना हे जरा खोचकपणेच सांगितलं. ते खूश झाले. "बघ! बेअरिंग बदललंस म्हणून तर कपॅसिटरवर संशय आला. एकेक कारण बाद करत जायचं, पद्धत हीच."

हरलेले नाना मी तरी पाहिलेले नाहीत. त्यांचा फोन बादलीत पडला तेव्हा त्यांनी तो तांदळाच्या डब्यात पुरला, आणि सगळ्या विंगला तोच सल्ला दिला. पुढे २०२४ च्या सुरुवातीला खुद्द ॲपल कंपनीनेच सांगितलं, की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण आत जाऊन फोन बिघडतो. मी ती बातमी त्यांना दाखवली. त्यांनी ती नीट वाचली. "बासमती वापरला असेल त्यांनी," म्हणाले. "आपला जाडा तांदूळ लागतो."

आता एवढं असूनही विंगेतली माणसं त्यांना विचारायला का जातात? तर ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. नाना कित्येक वर्षं जो भेटेल त्याला सांगत आले होते, की घरात शंभराच्या नोटा ठेवाव्यात, मोठ्या नोटांच्या नादी लागू नये. यामागे अर्थशास्त्र वगैरे काही नव्हतं. त्यांच्या न्हाव्याकडे कधीच सुटे नसत, एवढंच. त्या रात्री बारापासून पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि सकाळी दूधवाल्याला द्यायला अख्ख्या विंगेत पैसे होते ते फक्त नानांच्या कपाटात, लोकरीच्या स्वेटरखाली, रबरबँड लावून. लोक रांगेने वर गेले. नानांनी सगळ्यांना दिले, वहीत लिहून. त्या दिवसापासून न्हाव्याचं कारण लोक विसरले, मग नानाही विसरले, आणि उरली ती दूरदृष्टी. त्याच महिन्यात हेच नाना दोन हजाराची गुलाबी नोट बल्बसमोर धरून आतली चिप शोधत होते, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चिप अर्थातच नव्हती. मे २०२३ मध्ये त्या नोटा मागे घेतल्या तेव्हा नाना लिफ्टमध्ये मला एवढंच म्हणाले, "चिपा गेल्या असणार."

हल्ली ते एआयशीही बोलतात. नातवाने फोनमध्ये टाकून दिलंय. एका दुपारी मला मुद्दाम वर बोलावून त्यांनी स्क्रीन दाखवली. एआयने काहीतरी उत्तर दिलं होतं, नानांनी ते खोडून काढलं होतं, आणि खाली लिहून आलं होतं, की तुमचं म्हणणं बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व. नाना ते मला तीनदा वाचायला लावून थांबले. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आठवडाभर तेवढंच वाचताहेत." मला ते समजण्यासारखं वाटलं. चाळीसेक वर्षांच्या संसारात हे वाक्य ते पहिल्यांदाच ऐकत असावेत.

तर ओल. ऑगस्टपर्यंत श्रीलंकेची आफ्रिका झाली. नानांच्या खेपा वाढल्या, कारण आफ्रिका हा विषयच मोठा. तांबड्या समुद्रात हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते, जहाजं सुएझचा रस्ता सोडून अख्ख्या खंडाला वळसा घालत होती, आणि हे सगळं आमच्या पॅसेजमध्ये आयतंच काढून ठेवलेलं. नानांनी जळमटं काढायचा लांब झाडू मागून घेतला. "हे इथे सुएझ. २०२१ साली ४०० मीटरचं जहाज आडवं होऊन सहा दिवस अडकलं होतं ते इथेच. आता सुएझ नको, तर मग हे असं खाली यायचं, असं, असं, आणि इथून वळायचं—" झाडूचा दांडा दक्षिण टोकाला टेकला आणि केप ऑफ गुड होप माझ्या चहात पडलं.

प्लास्टर पडायला लागल्यावर विषय सोसायटीच्या सभेत गेला. तिथे नानांनी ओलीची कारणमीमांसा मांडली. गच्ची पहिली. दुसरं, समोरच्या रस्त्यावर चालणारे डंपर आणि त्यांची थरथर. तिसरं, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. आमची बिल्डिंग १९९१ ची आहे, असं कुणीतरी भीत भीत म्हणालं.

"पण जमीन जुनीच ना?"

यावर सभा गप्प झाली. उपाय म्हणून गच्चीवर सौर पॅनेल लावावीत असं नानांनी सुचवलं, म्हणजे गच्ची झाकली जाईल आणि वीजही मिळेल. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात, हे आकडे त्यांनी बरोबर सांगितले. खजिनदारांनी शिल्लक सांगितली. मग वर्गणी काढून निळी ताडपत्री अंथरायचं ठरलं. चौथ्या मजल्यावरचे लोक फार खूश झाले. त्यांचं छत खरोखरच गळत होतं. आमची आफ्रिका जिथल्या तिथे राहिली.

रहस्य उलगडलं ते माझ्या बायकोने. नोव्हेंबर अर्धा संपला होता. रात्री ताटं घासून झाल्यावर पदराला हात पुसत ती म्हणाली, "पाऊस जाऊन महिना झाला. ओल सकाळी आठला कोरडी असते आणि नऊला ओली."

"मग?"

"रविवारी साडेदहाला ओली होते."

"मग?"

"रविवारी नाना उशिरा अंघोळ करतात."

मी वर पाहिलं. पाच महिने या माणसाने मला दोन खंड हिंडवले होते, आणि डोक्यावर त्यांचंच न्हाणीघर होतं! नाना तिसऱ्यावर, आम्ही बरोबर खाली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते इतक्या लांबलांबचं सांगायचे, की इतक्या जवळचं सुचायची सोयच राहिली नव्हती.

सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. तो प्लंबरने सोडवला. आमचा प्लंबर वयाने तिशीचा, पण माणसं ओळखून आहे. तो वर गेला, नानांना काहीही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "नाना, जरा बॅटरी धरता का? तुमच्यासारखं माहितगार माणूस असलं की बरं पडतं." नाना न्हाणीघराच्या उंबऱ्यात बॅटरी घेऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे. बॅटरी हातात असली तरी नाना हातवारे सोडत नाहीत. अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल नुकताच लागला होता. अमेरिकेचं नाव निघालं की उजेड गीझरवर जायचा, चीनचं निघालं की बादलीत. प्लंबर अंधारात नहाणी ट्रॅप चाचपत बसायचा. पण पठ्ठ्याला युक्ती सापडली होती. मधेच विचारायचा, "नाना, ही जाळी किती इंची?" की उजेड झपकन ट्रॅपवर. "चार. पण जुन्या मापाची. पूर्वी बिडाच्या यायच्या, आणि जोडाला सफेदा आणि सुतळी. तुमच्या या टेफ्लॉन टेपेत काय दम आहे?" यावर प्लंबर मुद्दाम टेपेची बाजू घ्यायचा. टेपेवर भांडण चालू असेपर्यंत उजेड ट्रॅपवर राहायचा, आणि तेवढ्यात त्याचं काम व्हायचं.

त्याने ट्रॅपचं तोंड कापडाने गच्च बंद केलं, न्हाणीघरात दोन इंच पाणी साठवलं आणि त्यात कपड्यांची नीळ ओतली. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही." म्हणून दुसऱ्या दिवशी नाना अंघोळीला आमच्याकडे आले. खांद्यावर पंचा, हातात स्वतःचा साबण. आमचा गीझर २००० वॉटचा आहे आणि तो १६ अँपिअरच्याच प्लगवर हवा, हे त्यांनी आतून ओरडून सांगितलं. तो होता. बाहेर आले, केस पुसता पुसता सवयीने मान वर केली.

आफ्रिका निळी झाली होती. सहारापासून खालपर्यंत, गर्द.

नाना बराच वेळ बघत राहिले. पंचातून पाणी ठिबकत होतं. मला त्यांची जराशी दयाच आली, आणि त्याच वेळी ते आता काय म्हणतात याची उत्सुकताही होती.

"मी पहिल्याच दिवशी काय म्हणालो होतो?"

"गच्चीचं पाणी."

"ते तपशिलात. मुद्दा काय होता? पाणी वरूनच येतं."

एक मात्र सांगायला हवं. न्हाणीघर फोडून ट्रॅप बदलला, खालचा भराव उपसला, वॉटरप्रूफिंग केलं, त्याचे सगळे पैसे नानांनी दिले. अशी घराघरांतली गळती सोसायटीच्या डोक्यावर घालता येत नाही, ती त्या त्या सभासदांनीच निस्तरायची, हा उपविधी बाहेर काढायला मी तयार होऊन बसलो होतो. त्याची वेळच आली नाही. उलट माझ्या प्लास्टरचेही त्यांनी दिले. शंभराच्या नोटांत. मी मोजत असताना म्हणाले, "रंग लगेच काढू नकोस. स्लॅब दोन-तीन महिने सुकू दे."

पाच महिन्यांनंतर नानांचं काही ऐकणं मला शक्य नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मी रंगारी बोलावला. पुट्टी, प्रायमर, दोन हात. छत असं पांढरंशुभ्र झालं, की मी येता-जाता मुद्दाम वर बघायचो.

जानेवारी संपता संपता त्याला फोड आला. आधी रुपयाएवढा, मग पोळीएवढा, मग त्याचा पापुद्रा सुटला आणि खाली ओला करडा स्लॅब दिसायला लागला. नाना वर्तमानपत्र परत द्यायला आले तेव्हा मी त्यांना हॉलच्या बाजूने आत घ्यायचा प्रयत्न केला, पण चपला काढताना त्यांची मान वर गेलीच. आता "सांगितलं होतं" ऐकायचं, म्हणून मी तयारीत उभा राहिलो. ते आलंच नाही. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ग्रीनलंड," म्हणाले. "ट्रम्पला काय हवंय त्यात, ते सांगतो. बस."

मी बसलो, आणि चहाचा कप जरा बाजूला सरकवला.