सोळावा तालुका

शत्रुराष्ट्राला नमवायचं कसं, या विषयात नाशिकला तज्ज्ञांची टंचाई कधीच नव्हती. रविवारी सकाळी मिसळीची प्लेट टेबलावर येईपर्यंत कराचीची नाकेबंदी पूर्ण होते. दुसरा पाव येईपर्यंत सिंधूचं पाणी अडवून होतं आणि रस्सा तिसऱ्यांदा मागेपर्यंत लाहोरमध्ये आपला तहसीलदार बसलेला असतो. बिल आलं की शस्त्रसंधी.

हा आत्मविश्वास अगदीच उसना नाही. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. ते १९२३ साली निघालं तेव्हा अबोटाबादजवळच्या काकूलला होतं, १९४१ साली देवळालीला आलं. म्हणजे फाळणीच्या सहा वर्षं आधीच तोफांनी बाजू निवडली, माणसांना वेळ लागला. ओझरला विमानं बनवणारी एचएएल आहे. मिग-२१ तिथे झाली, सुखोई तिथे झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. तोफ, विमान आणि पैसा ही युद्धाची तिन्ही अंगं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या माणसाने मिसळ खाता खाता लाहोर घेतलं तर त्याला हसू नये.

छापखान्याची मात्र एक गंमत आहे. देश फुटला तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःचा छापखाना नव्हता. मग सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या आपल्याच तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असा शिक्का मारून नाशिकरोडने ती त्यांना दिली. १ ऑक्टोबर १९४७ ला ती विक्रीला आली. तिकिटं जमवणारे लोक ‘नाशिकचा छाप’ म्हणून आजही त्यांच्यावर जीव टाकतात. नोटांचंही तेच. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ असं छापून एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालल्या. तिकडे काश्मिरात आपले जवान लढत होते आणि इकडे आपले कामगार शत्रूची शाई वाळवत होते. वेळेवर, आणि बहुधा ओव्हरटाइम लावून.

आर्थिक दबावाचा आपला पहिला प्रयोगही त्याच दिवसांतला. फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याचे ७५ कोटी रुपये ठरले होते, २० दिले होते, राहिलेले ५५ काश्मीरचं मिटेपर्यंत द्यायचे नाहीत असं दिल्लीने ठरवलं. १३ जानेवारी १९४८ ला गांधीजी उपोषणाला बसले आणि १५ तारखेला पैसे देण्याचं जाहीर झालं. पुढचं महाराष्ट्राला सांगायला नको.

तेव्हापासून आपण पुष्कळ शिकलो. १९९६ मध्ये पाकिस्तानला दिलेला ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ हा दर्जा पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये काढून घेतला. तेवीस वर्षं तो चालू होता हेच पुष्कळांना त्या दिवशी कळलं. लगेच तिकडच्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लावलं. २०२५ मध्ये पहलगाम झालं आणि अटारीचं फाटक बंद झालं, सिंधू करार स्थगित झाला, २ मे पासून आयातच बंद. करायला हवं होतं ते केलं, त्याबद्दल वाद नाही. अडचण एवढीच, की पाकिस्तानचा आपल्याकडे येणारा माल आधीच बेताचा. २०१९ पूर्वीही तो वर्षाला ५० कोटी डॉलरच्या आतबाहेर होता: सिमेंट, जिप्सम, खारीक, उपवासाचं सैंधव. ज्याची उधारीच नाही त्याला दुकानात पाय ठेवू नको म्हणून दम देण्यासारखं ते. त्यातही खारीक इतकी चिवट, की जून २०२५ मध्ये न्हावाशेवाला पाकिस्तानी मालाचे ३९ कंटेनर पकडले तेव्हा त्यांत तीही निघाली. दुबईहून आली होती, कागदोपत्री अमिरातीची होऊन. बाळंतिणीच्या लाडवात शत्रू असा शिरतो. राहता राहिलं क्रिकेट. तिथे आपण सप्टेंबरात दुबईत त्यांच्याशी तीन सामने खेळलो, तिन्ही जिंकलो, पण हात मिळवला नाही. बंदी असावी तर अशी.

थोडक्यात, शत्रूवर टाकलेल्या आर्थिक दबावाचा हिशेब फारसा जमत नाही. म्हणून आम्ही विचार केला की आपल्या सरकारने आर्थिक दबाव टाकून एखादा प्रदेश खरोखर गुडघ्यावर आणल्याचं उदाहरण आहे का? आहे. फार लांब जायची गरज नाही. तालुका निफाड, जिल्हा नाशिक.

या प्रदेशाची गुप्तवार्ता फाइल पाहिली तर दिल्लीची भीती समजते. ओझर याच तालुक्यात, म्हणजे लढाऊ विमानं यांच्याकडे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं केंद्र आहे. कोबाल्ट-६० च्या किरणांनी तिथे कांद्याचं मोड येणं थांबवता येतं, म्हणजे प्रदेश अणुसज्जही आहे. २००७ मध्ये अमेरिकेला आंबे निघाले ते इथूनच किरण मारून, आणि त्यासाठी अमेरिकेचे निरीक्षकही इथे येऊन बसले. इराण, इराक आणि निफाड! शिवाय परकं सरकार उलथवण्याचा पूर्वेतिहास आहे. १९९८ मध्ये कांदा भडकला आणि दिल्ली राज्यातलं सरकार पडलं. त्या दिवसापासून पक्ष कोणताही असो, दिल्लीच्या खुर्चीवर बसणारा माणूस पाकिस्तानच्या क्षेपणास्त्रापेक्षा लासलगावच्या लिलावाचा आकडा आधी विचारतो.

मग निर्बंध येतात. आणि काय देखणे येतात! पाकिस्तानसाठी चार वाक्यांचं पत्रक. निफाडसाठी मात्र सगळा भाता मोकळा. निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य, निर्यातशुल्क, साठ्यावर मर्यादा. सप्टेंबर २०१७ मध्ये बड्या कांदा व्यापाऱ्यांवर प्राप्तिकराच्या धाडी, म्हणजे सर्जिकल स्ट्राइकच. नाफेडचा बफर स्टॉक, म्हणजे राखीव सैन्य. भाव जरा उभा राहिला की हे सैन्य दिल्लीच्या गल्ल्यांत गाड्या लावून उतरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये २५ रुपये किलोने उतरलं होतं. त्याच महिन्यात ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि बंदराकडे निघालेले कंटेनर वाटेतच अडकले. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरचं किमान मूल्य आलं. एवढ्यानेही शत्रू शरण येईना, तेव्हा ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी.

असल्या बंदीचा दुसरा दिवस लिलावाच्या ओळीत उभं राहून बघण्यासारखा असतो. ट्रॅक्टर पहाटेपासून लागलेले. व्यापाऱ्यांचा घोळका पहिल्या ट्रॉलीशी येतो. एक जण कोपरापर्यंत हात घालून तळचे दोन कांदे वर काढतो, साल चोळून रंग बघतो, आणि काल जिथे बोली संपली होती त्याच्या कितीतरी खालून सुरू करतो. शेतकरी ट्रॉलीवरूनच ओरडतो, “काय झालं ओ शेठ रातच्या रातीत?” शेठ काही बोलत नाही, मोबाइल पुढे करतो. त्यात अधिसूचना असते, इंग्रजीत. माल परत न्यावा तर भाडं अंगावर. बरं, उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने दम धरतो. लाल कांदा दम धरत नाही, त्याला आठवड्या-पंधरवड्यात पाणी सुटतं. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल. शत्रूचं मर्मस्थान कुठे आहे आणि वार नेमका कोणत्या महिन्यात करायचा, याचा एवढा अचूक अभ्यास आपल्या एकाही युद्धात दिसलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पाकिस्तानपेक्षा निफाडला कडक वागणूक मिळते ही अतिशयोक्ती झाली. मग डिसेंबर २०१० आठवा. मुंबईवरच्या हल्ल्याला दोनच वर्षं झालेली. कांदा चढला तसं सरकारने नाशिकच्या कांद्याची निर्यात थांबवली, आयात कांद्यावरचं शुल्क शून्य केलं आणि अटारीहून पाकिस्तानी कांद्याचे ट्रक आत घेतले. शत्रूच्या कांद्याला पायघड्या, आपल्या कांद्याला फाटक. पुढच्याच महिन्यात पाकिस्ताननेच तो रस्ता बंद केला, नाहीतर आपण सत्कारही केला असता. ते सरकार वेगळ्या पक्षाचं होतं म्हणून खूश होऊ नका. २०१९ मध्ये, पुलवामाला सात महिने झाले असताना, सरकारी एमएमटीसीच्या कांदा आयातीच्या निविदेत इजिप्त, चीनच्या जोडीला पाकिस्तानचं नाव होतं. शेतकरी संघटना चवताळल्या तेव्हा ते खोडलं. मग कांदा तुर्कस्तानहून मागवला. राज्यांनी तो फारसा उचललाच नाही, बंदरात सडला. त्याच तुर्कस्तानने २०२५ मध्ये पाकिस्तानची बाजू घेतली तशी पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. तेवढी हिंमत मिळायला कांदा नव्हे, सफरचंद असावं लागतं.

या सगळ्याचा फायदा कोणाला झाला, हे विचारू नये. तरी सांगतो. २०१९ मध्ये आपण बंदी घातली आणि बांगलादेशाने पाकिस्तानातून कांदा मागवला. २०२३ ची बंदी लागली, आखातातल्या आणि श्रीलंकेतल्या गिऱ्हाइकाने आपली वाट पाहिली आणि शेजारच्या दुकानातून पिशवी भरून घेतली. ते दुकान कराचीचं होतं. देशाच्या इतिहासात पाकिस्तानी शेतकऱ्याला भारताच्या वाणिज्य मंत्रालयाइतकी मदत त्याच्या स्वतःच्या सरकारनेही केली नसेल.

तर आमचा प्रस्ताव असा आहे. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. केंद्र सरकारने एक साधी अधिसूचना काढून पाकिस्तान हा नाशिक जिल्ह्याचा सोळावा तालुका जाहीर करावा. रणगाडे नकोत, क्षेपणास्त्रं नकोत, ओझरच्या विमानांचं इंधन वाचेल. बाकी सगळं आपोआप होतं. कराची बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर ४० टक्के. दहशतवाद ही त्यांची मुख्य निर्यात. तिला किमान निर्यात मूल्य लावावं आणि ते दर पंधरा दिवसांनी बदलावं, म्हणजे कोणत्याच संघटनेला हंगामाचं गणित बसणार नाही. रावळपिंडीच्या मुख्यालयात केंद्राचं पाहणी पथक पाठवावं. हे पथक एकदा बांधावर उभं राहून फोटो काढून गेलं, की तिथे पुढे दोन वर्षं काही उगवत नाही असा अनुभव आहे. त्यांच्या लष्कराला साठा मर्यादा लागू करावी. ओरड फारच झाली तर नुकसानभरपाई जाहीर करावी. ती मिळायला लागतो तेवढ्या काळात मोठमोठी साम्राज्यं लयाला गेली आहेत.

या प्रस्तावावर मिसळीच्या टेबलावर दोन हरकती आल्या. पहिली, पाकिस्तान याला संमती देईल का? निफाडला कोणी विचारलं होतं? दुसरी हरकत वजनदार होती. एका निवृत्त मास्तरांनी ती घेतली. ते म्हणाले, “तालुका केला तर मताचा अधिकार द्यावा लागेल.” हे खरं आहे. बंदीच्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वेगळी वाट काढून दिली होती, आणि मे महिन्यात निफाडच्या दिंडोरी मतदारसंघाने आणि नाशिकने लोकसभेसाठी मतदान केलं. दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. सप्टेंबरात शुल्क निम्मं झालं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. मतपेटीच्या धाकाने दिल्लीचे निर्बंध उठू शकतात हे निफाडने करून दाखवलं. शत्रूला हे शिकवणं परवडणारं नाही. म्हणून मसुद्यात दुरुस्ती केली आहे: तालुका पूर्ण, मत शून्य.

हे लिहीत असताना एक वेगळी तक्रार आठवली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क वाढवून ५० टक्क्यांवर नेलं, कारण आपण रशियाचं तेल घेतो. दिल्लीने ते अन्यायकारक, असमर्थनीय आणि अवाजवी ठरवलं. बरोबरच आहे. परक्या सरकारने ५० टक्के लावले तर अन्याय. आपल्या सरकारने ४० लावले तर ग्राहकहित. मधले दहा टक्के हा देशभक्तीचा फरक समजावा.

वाचकांना विनंती, प्रस्ताव पटला तर दिल्लीला जरूर कळवा. फक्त टपालाने मनीऑर्डर वगैरे जोडू नका. २०१८ मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधान कार्यालयाला मनीऑर्डरने पाठवले होते. ती परत आली.