थुंगमालचं बारसं

"मामा, एक भारदस्त नाव सुचव ना," असं भाची म्हणाली की पूर्वी घरात मांजराचं पिल्लू आलेलं असायचं. या वेळी जनावर मोठं होतं. धड सीलचं, डोक्यावर रेनडिअरची शिंगं, पाठीवर घुबडाचे पंख आणि मुक्काम गोठलेल्या तळ्याखाली. भाची ओडिन-थॉरच्या पुराणांवर बेतलेली कादंबरी लिहीत होती आणि हा बिचारा तिच्यात अजून नुसता 'तो' होता.

तिच्या वहीत नावं भरपूर होती. ग्रिमहाइम, उल्फहाइम, स्टॉर्मगार्ड. ऐकायला दणदणीत! पण 'हाइम' म्हणजे घर-वस्ती आणि 'गार्ड' म्हणजे कुंपण घातलेली जागा. म्हशीला 'ए तळेगाव' अशी हाक मारण्यातला प्रकार. उरलेल्या नावांवर तिने दोन-दोन टिंबं आणि शेवटी 'र' भुरभुरवला होता. तिच्या आईने यादी चाळून विचारलं, "या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

खरी गोष्ट अशी, की मूळ मंडळींना भारदस्तपणाची हौसच नव्हती. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२०च्या सुमारास 'एडा' लिहिला, तो कवींना जुन्या कथांची ओळख राहावी म्हणून. त्यात थॉरच्या रथाला जुंपलेले दोन बोकड आहेत: तानग्निओस्त आणि तानग्रिस्निर. केवढा दरारा! अर्थ पाहावा तर एक दात खाणारा, दुसरा दात विचकणारा. त्यांचंही बरोबरच आहे. वाटेत भूक लागली की थॉर त्यांनाच कापून शिजवतो आणि सकाळी कातड्या-हाडांवर हातोडा फिरवून पुन्हा उभं करतो. एवढं झाल्यावर रथ ओढायचाच. कोणीही दात खाईल.

ओडिनचे दोन लांडगे गेरी आणि फ्रेकी, म्हणजे हावरा आणि अधाशी. ओडिन स्वतः नुसत्या द्राक्षारसावर राहतो आणि ताटातलं सगळं या दोघांना घालतो, तरी त्यांचं नाव बदललेलं नाही. पण माझा जीव जडला तो मृतांच्या राणीच्या, हेलच्या संसारावर. तिच्या ताटाचं नाव भूक, सुरीचं नाव उपासमार. गडी गांगलाती आणि मोलकरीण गांगलोत, दोघंही नावानेच रेंगाळे. अशा घरी पाहुणा म्हणून जायचं म्हणजे आधी मरावंच लागेल, आणि नियमही तोच आहे.

"मग टॉल्किनने कशी एवढी झोकदार नावं शोधली?" भाचीने हुकमी पान टाकलं. शोधली कुठली! 'व्होलुस्पा' नावाच्या जुन्या काव्यात बुटक्यांची लांबलचक यादी आहे. १९३७च्या 'द हॉबिट'मधले थोरिन आणि कंपनी बहुतेक त्याच यादीतून उचललेले. गँडाल्फसुद्धा तिथलाच, बढती मिळून जादूगार झालेला बुटका. ऑक्सफर्डचा प्राध्यापक जर यादी समोर ठेवून बसतो, तर आपण शून्यातून का काढावं?

मी विचारलं, "तुझा प्राणी करतो काय?"

"करतो म्हणजे? भव्य दिसतो."

इथेच घोडं पेंड खात होतं. त्या पुराणांत नुसतं दिसायला कोणी येत नाही. यग्द्रसिल वृक्षावरची राटाटोस्क ही खार घ्या. शेंड्यावरचा गरुड आणि मुळाशी बसलेला निढोग नाग यांच्या शिव्या एकमेकांना पोचवणं हा तिचा पूर्णवेळ उद्योग. कळलाव्याला नाव मिळतं; देखणेपणावर मिळत नाही.

बरीच घासाघीस झाल्यावर प्राण्याला नोकरी लागली. बर्फावरून कोणी चाललं की खालून तो त्याचं वजन मोठ्याने सांगतो. त्यामुळे तळ्याकाठच्या गावात त्याला शत्रूही आयते मिळाले. जुन्या नॉर्समध्ये 'थुंग' म्हणजे जड आणि 'माल' म्हणजे बोलणं. झाला थुंगमाल!

भाची खूश. तिच्या आईने फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या ट्रकमध्ये भरायचा?"

कोणाला नावं ठेवण्याची खुमखुमी असेल (आणि आपल्याकडे ती कोणाला नसते?) तर एक जागा रिकामी आहे. यग्द्रसिलच्या शेंड्यावरच्या त्या गरुडाला स्नोरीने नावच दिलेलं नाही. त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बसलेल्या ससाण्याला मात्र दिलंय: वेद्रफोल्निर. एवढा मोठा पक्षी आठशे वर्षं बिननावाचा बसलाय. सुचलं तर जरूर ठेवा. फक्त तो काय करतो, ते आधी ठरवा.