बुडबुडा मधे आहे का?

नानांनी छऱ्याच्या बंदुकीला दुर्बीण घ्यायचं ठरवलं, ही बातमी गल्लीला दुर्बिणीच्या एक पावसाळा आधी कळली. २०२० सालची, टाळेबंदीतली गोष्ट. लोक तांदूळ-डाळ साठवत होते, नाना माहिती साठवत होते. असा एक गृहस्थ तुमच्याही ओळखीचा असणारच. फ्रीज घेताना तो कॉम्प्रेसरवर महिना काढतो, चपला घेताना टाके मोजतो आणि आंबे घ्यायला गेला तर आंबेवाल्याला देवगडचा कातळ समजावून सांगतो. वस्तू घरी आली की आपलं काम संपतं. याचं तिथून सुरू होतं.

बंदूक जुनीच होती. नळी मोडून भरायची, स्प्रिंगची, पॉइंट एकशे सत्त्याहत्तरची. 'वीस जूलच्या आत असली की परवाना लागत नाही,' हे नाना कुरियरवाल्यालाही न विचारता सांगत. तिचा आवाज मात्र गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. कबुतरं-माकडं मारायचा प्रश्नच नाही; नाना मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून जाणारे. मग दुर्बीण कशाला, असं काकूंनी एकदा विचारलं. उत्तर संपेपर्यंत भात खाली लागला. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

हवी होती तीन-नऊ-चाळीस. म्हणजे वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसणार आणि पुढची काच चाळीस मिलिमीटरची. पण कुठलीही तीन-नऊ-चाळीस चालत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोनदा बसतो : आधी मागे, आणि आतला पिस्टन टोकाला जाऊन आपटला की पुढे. मोठ्या रायफलीचा दणका सहज सोसणारी दुर्बीण या उलट्या धक्क्याने आतून खिळखिळी होते. शिवाय पुष्कळ दुर्बिणी शंभर यार्डांच्या हिशेबाने पक्क्या केलेल्या असतात. गच्चीवर वापरायची तर पुढची काच फिरवून दहा यार्डांवर स्वच्छ दिसणारी पाहिजे. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असायचं काहीएक कारण नाही, पण नानांच्या आणि माझ्या गच्चीत कमरेएवढाच कठडा आहे.

पार्सल आलं आणि रिंगा चुकीच्या निघाल्या. नानांच्या बंदुकीवरची खाच अकरा मिलिमीटरची, आणि आलेल्या रिंगा रुंद पट्टीच्या. दुसरा कुणी वैतागला असता. नानांना मात्र बरोबर रिंगा आल्या असत्या तर इतका आनंद झाला नसता. दुसऱ्या मागवल्या, त्या आल्या, मग त्यांची आतली गोलाई नानांच्या मनासारखी नव्हती म्हणून त्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात घासायला गेल्या. लेथवरच्या पोराने त्या हातात फिरवून पाहिल्या आणि विचारलं, "साहेब, ही बंदूक हाय का रॉकेट?"

"बंदूकच," नाना म्हणाले. "पण दोन सूत खोटी नको."

आता पाणसळीबद्दल सांगायला हवं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना नानांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पाणसळ मात्र त्यांनी पदरच्या पैशाने घेतलेली : पितळी, बोटभर, मधल्या काचेत हिरवट पाणी आणि त्यात तो बुडबुडा. ती शर्टाच्या खिशात असते. इतरांच्या खिशात पेन असतं, नानांच्या खिशात क्षितिज असतं, असं मी एकदा म्हणालो. त्यांना विनोद कळला नाही, आवडला मात्र.

दुर्बीण बसवायच्या दिवशी मला बोलावणं आलं. बंदूक दोन पाटांच्या बेचक्यात, टॉवेलात गुंडाळून आवळलेली. एक पाणसळ खाचेवर आडवी, दुसरी (खास या कामासाठी आणलेली) दुर्बिणीच्या वरच्या टोपणावर. मी समोरच्या गच्चीत ओळंबा धरून. दुर्बिणीतली उभी रेघ आणि ओळंब्याची दोरी एकावर एक आली पाहिजे, आणि त्याच वेळी दोन्ही बुडबुडे मधे. आले की नाना स्क्रू आवळायला घेत : पाव फेरा इकडचा, पाव फेरा समोरचा. आणि शेवटच्या पाव फेऱ्याला दुर्बीण केसभर फिरे. सगळे स्क्रू सैल. पुन्हा पहिल्यापासून.

"दोरी हलवू नकोस!"

"नाना, वारा आहे."

"मग वाऱ्याच्या बाजूने उभा राहा की मर्दा!"

दुर्बीण केसभर तिरकी बसली तर काय बिघडतं? लांबच्या नेमाला बिघडतं. टोपण फिरवून नेम वर चढवला की तो वर जाता जाता बाजूलाही सरकतो. आणि नानांची गच्ची? कर्णाने मोजली तरी दहा मीटरच्या आत. एवढ्या अंतरावर टोपणाच्या एका क्लिकने छर्रा पाऊण मिलिमीटरही हलत नाही. हे मी त्यांना सांगितलं. खरं तर त्यांचंच त्यांना परत केलं. "उद्या शंभर मीटरवर मारायचं झालं तर?" ते म्हणाले. शंभर मीटरवर गल्ली संपून मारुतीचं देऊळ लागतं.

बार काही झाला नाही. "आधी बसू दे," एवढंच. नेम धरायला पुठ्ठा टांगला, त्यामागे वाळूचं पोतं लावलं, पुठ्ठा सरळ आहे की नाही हे पाणसळीने पाहिलं, आणि संध्याकाळ झाली.

तेव्हापासून पाणसळ बंदुकीपुरती राहिली नाही. आमच्याकडे सत्यनारायण होता. नाना पाया पडायला वाकले आणि वाकल्या वाकल्या चौरंगाच्या कडेला पाणसळ टेकवली. "बुडबुडा डावीकडे जातोय." गुरुजी म्हणाले, "नाना, देव बसलेत, आता हलवता येत नाही." नाना म्हणाले, "देवांना नका हलवू, पायाखाली पुठ्ठा घाला." पुठ्ठा घातला गेला, पोथी पुढे सुरू झाली आणि साधुवाण्याची नौका त्या दिवशी एकदम समतल पाण्यातून गेली. मंडळाचा कॅरम. न्हाव्याची खुर्ची. पुतणीच्या लग्नात रिसेप्शनचं स्टेज : वधूवर उभे, फोटोवाला थांबलेला आणि नाना गुडघ्यांवर. बाळाचा पाळणा, म्हणजे जी वस्तू हलण्यासाठीच असते ती. एका मयताला गेलो होतो. तिरडी बांधून झाली होती आणि नानांचा हात खिशाकडे गेला. काकूंनी तो वरच्या वर धरला. बायका आणि पुरुष वेगवेगळे उभे होते, त्या मधून चालत आल्या आणि त्यांनी तो धरला. कुणाचं डोकं फिरलं की आमच्या गल्लीत आता 'बुडबुडा सरकलाय' म्हणतात. नानांसमोरही म्हणतात. "कुठल्या बाजूला?" असं नाना विचारतात.

हौसेने एकदा ते बंदूक घेऊन रेंजवर गेले. कोल्हापुरात नेमबाजीची ऐट काही वेगळीच. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत इथलीच. पण ऑलिंपिकच्या रायफलीला दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची चकती, पुढे गोल कडं, आणि मधे जे काय असेल ते तुमच्या डोळ्याचं आणि श्वासाचं. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दोन वेण्या घातलेली शाळकरी पोर तिथे मारत होती, आणि एकीकडे तिची आई भाजी निवडत बसली होती. प्रशिक्षकांनी नानांच्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. काढून ठेवा." नानांना राग आला नाही. पुढे २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक आणलं, तेव्हा आख्खी गल्ली गुलालात होती आणि नाना सगळ्यांना सांगत होते, "रेंजवरचं तिसरं टेबल अजून उजवीकडे कललंय."

आता रस्त्याचं. २०२१ च्या उन्हाळ्यात गल्लीत काँक्रीट पडलं. रस्त्याचा उतार गटारीकडे हवा. नानांच्या बुडबुड्याने तो आमच्या उंबऱ्यांकडे दाखवला. ठेकेदाराच्या माणसाला सांगायला गेले. तो म्हणाला, "काका, डिझाइन कॉम्प्युटरवर केलंय." पहिल्या वळवाला ते डिझाइन माझ्या सोप्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कठड्यावरून पाहिलं तर नानांनी बंदुकीवरची दुर्बीण उतरवली होती. इतक्या खटाटोपाने बसवलेली, स्क्रू मोजून आवळलेली. ती त्यांनी एका तिकाटण्यावर चढवली, वर पाणसळ बांधली आणि खाली गल्लीत आणून उभी केली. मग मारुतीच्या देवळापाशी आणि आपल्या दाराशी अशा दोन खुंट्या ठोकल्या : टू-पेग चाचणी. दुर्बीण आधी दोन्हींच्या बरोबर मधे ठेवून दोन्हीकडची पट्टी वाचली, मग एका खुंटीशी नेऊन पुन्हा वाचली. दोन्ही वेळचा फरक सारखा आला पाहिजे. नाही आला तर बुडबुडा आणि नजर यांच्यात खोट आहे. खोट होती. नानांनी वरचं टोपण उघडलं आणि कट, कट, कट करत ती काढून टाकली. त्या क्लिकांचा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"डंपीला असं नव्हतं," ते म्हणाले. "डंपीत पट्टी उलटी दिसायची. पस्तीस वर्षं उलटे आकडे वाचले. हिच्यात सुलटं दिसतंय बघ."

डंपी म्हणजे कालव्याची पातळी काढायचं जुनं यंत्र : पितळी नळी, आत आडवी-उभी रेघ आणि वर बुडबुडा. कालव्याचा उतार असतो किलोमीटरला वीतभर. एवढ्यावर पाणी चालतं. ती वीत इकडची तिकडे झाली की शेवटच्या टोकाचा शेतकरी बांधावर बसून राहतो. ते पाणी पोचवायला नाना उन्हातान्हात एक डोळा मिटून उभे राहिले. पुढे नवी यंत्रं आली आणि त्यांची डंपी भंगाराच्या लिलावात निघाली. नानांना ती विकत हवी होती. एक नग देता येत नाही, लॉट घ्यावा लागेल, असं उत्तर मिळालं. लॉटमध्ये रोडरोलर होता. हे मला काकूंनी सांगितलं. नाना यावर बोलत नाहीत.

तर नानांनी गल्लीतल्या प्रत्येक घराचा उंबरा मोजला. पट्टी धरायला मी. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे सांगावे लागत नाहीत : एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. बंधाऱ्यावर किती झालं की देवळाच्या कुठल्या पायरीला पाणी लागतं, हे नानांनी २०१९ च्या पुरातच वहीत टिपून ठेवलं होतं. त्यावरून त्यांनी यादी केली : अमुक फुटांना अमक्याचा उंबरा. ती मंडळाच्या फळ्यावर लावली. पोरांनी खाली लिहिलं, 'बुडबुडा मधे आहे का?'

जुलै २०२१. पाणी आलं ते यादीच्या क्रमाने आलं. आधी देवळाशेजारचं घर, मग पिठाची गिरणी, मग डॉक्टरांचा दवाखाना. बंधाऱ्याचा आकडा मोबाइलवर आला की पोरं फळ्याकडे पळत आणि पुढच्या घरातला फ्रीज बाहेर निघे. गिरणीची मोटर वाचली, दवाखान्यातली औषधं वाचली, माझी पुस्तकं वाचली. एकच घर चुकलं. तिथे पाणी तीन इंच उशिरा शिरलं. गुडघाभर पाण्यात डोक्यावर गादी घेऊन उभ्या असलेल्या त्या घरमालकाला नाना विचारत होते, "उंबऱ्याला ग्रॅनाइट बसवलंस? कधी? मला सांगायला काय झालं होतं?" आणि तो बापडा गादीखालून म्हणत होता, "चुकलं नाना, चुकलं."

या माणसाने माझे कितीतरी रविवार खाल्ले आहेत. पण गेल्या उन्हाळ्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या माणसांनी 'कुठला डोळा?' असं विचारलं. दुर्बिणीचा की दुसरा, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्याच दिवसांत पूररेषेचं काम करणारे दोन तरुण इंजिनिअर गल्लीत आले. यंत्र नवंकोरं, पिवळं. कुणीतरी त्यांना फळ्यावरची यादी दाखवली. त्यांनी ताडून पाहिली. सगळे आकडे जुळले, एक सोडून. अर्ध्या इंचाचा फरक. त्यातला एक हसून म्हणाला, "काका, एवढं चालतंय."

नानांनी हिरवी पट्टी असलेला डोळा त्याच्याकडे वळवला. "टू-पेग कधी केली होतीस या यंत्राची?"

पोराने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने रस्त्याकडे.

काकूंनी चहा टाकला. उकळी येईपर्यंत देवळापाशी एक खुंटी ठोकून झाली होती आणि दुसरी ठोकायला नाना ओरडून माझं नाव घेत होते.