लघुत्तम निविदेस अनावृत पत्र

प्रति,
मा. लघुत्तम निविदाबाई,
मुक्काम : बहुतेक सर्व महापालिका

विषय : भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणात आपण साधलेल्या काटकसरीबद्दल अभिनंदन.

स.न.वि.वि.

बाई, पाकिटं उघडली की सर्वांत कमी दर म्हणून तुमचं नाव पुकारलं जातं आणि शहरातल्या यच्चयावत मांजरांची पोटं तुमच्या स्वाधीन होतात. २००१चे नियम कुत्र्यांपुरतेच होते. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मांजरंही आली, आणि तुमचं कार्यक्षेत्र कुंपणांवर, पत्र्यांवर, मासळीबाजाराच्या फळ्यांखाली पसरलं. कामाला तोटा नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते.

तुमचा खरा शोध असा की, भटकं मांजर हा आदर्श रुग्ण आहे. तो टाके काढायला परत येत नाही. जखम चिघळली तर रात्री दोन वाजता फोन करत नाही. ग्राहक आयोगाची पायरी चढत नाही. भिंतीवरून उडी मारली की तुमचा-त्याचा संबंध संपला!

पशुवैद्यक मात्र विचित्र माणसं. रुग्ण परतणार नाही म्हणूनच काम जास्त चोख हवं, असं म्हणतात. आत विरघळणारा धागा वापरायचा. वरचे टाकेसुद्धा कातडीखाली लपवायचे, म्हणजे मांजरीला ते चाटून-ओढून उसवता येत नाहीत आणि काढायलाही कुणी लागत नाही. अमेरिकेतल्या आश्रयगृह-पशुवैद्यकांच्या संघटनेनं तर अशा शस्त्रक्रियांसाठी २००८मध्ये मार्गदर्शक सूचनाच काढल्या आणि २०१६मध्ये त्या सुधारल्या. त्यात प्रत्येक जनावरासाठी निर्जंतुक अवजारांचा वेगळा संच सांगितला आहे. बाहेर पिंजऱ्यांची रांग कितीही लांब असो! तुमच्याकडे पंगतीत एकच पळी फिरावी तसा एकच चिमटा जंतुनाशकात बुचकळून या पोटातून त्या पोटात जातो. समतेचा एवढा आग्रह आम्ही इतरत्र पाहिलेला नाही.

बोक्यांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. त्यांचं काम काही मिनिटांचं, छेद लहान, तो तसाच भरून येतो, टाकाही लागत नाही. तिथे तुम्हालाही फार बिघडवता येत नाही. (बिघडवता, पण कमी.)

भुलीचं मात्र कौतुक केलंच पाहिजे. केटामाइन दिलं की मांजराचे डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात, म्हणून त्यांत मलम घालायचं असतं. तुम्ही ते टाळता. आपल्यावर काय चाललंय हे लाभार्थीला डोळे उघडे ठेवून पाहू द्यावं, अशी पारदर्शकता इतर खात्यांनी शिकण्यासारखी आहे. वजनकाट्याऐवजी अंदाज वापरता, हेही योग्यच. तीन किलोंची मांजरी आणि किलोभराचं पिल्लू यांत पिंजऱ्याबाहेरून असा किती फरक दिसतो? मग त्या किलोभर जिवाचं पोट भादरून, स्पिरिटनं ओलं करून त्याला स्टीलच्या टेबलावर निजवायचं. अंग गार पडत जातं, शुद्ध यायला उशीर होतो. खाली उबेची गादी ठेवावी, असं डॉक्टर म्हणतात. वीजबिल कोण भरणार, ते सांगत नाहीत. वेदनाशामकाच्या खर्चावर माणसांच्या पॅरासिटामॉलचा उपाय एखादा हुशार मुकादम सुचवेल. स्वीकारायला हरकत नाही. मांजराला ती गोळी विषारी असते, त्यामुळे दुसऱ्या मात्रेचा खर्च वाचतो.

एका गोष्टीत मात्र तुमची कारागिरी निर्दोष असते. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून भुलीतच कानाचं टोक कापतात. तुम्ही कापलेला कान मी निरखून पाहिला आहे. पट्टी लावून कापल्यासारखी सरळ रेघ! साहेबांना गाडीतूनही दिसते. पोटातली रेघ बघायला कुणी वाकत नाही, आणि बिल तर नगावर आहे.

आता एक तांत्रिक शंका. आमच्या गल्लीत कान कापलेली एक करडी मांजरी आहे. ती गेले काही दिवस रात्रभर आळवते आहे आणि खाली चार बोके जमतात. अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला तरी मांजरी पुन्हा माजावर येते, असं कळलं. घाईत हात आखडला की तेवढंच राहतं म्हणे. शस्त्रक्रियांचा हिशेब काढलेल्या अवयवांच्या मोजदादीवरून पडताळतात. तेव्हा हिचे अवयव एकदा मोजून झाले असणार आणि पैसेही अदा झाले असणार. उरलेला तुकडा काढण्यासाठी तिला पुन्हा धरल्यास तो नवा नग धरायचा की जुन्याच बिलात बसवायचा? शिवाय खूण म्हणून याच कानाचं आणखी टोक कापायचं की दुसऱ्या कानाचं, याबाबत उलटटपाली मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक करदाता