नाव बदललंय, बरं का!

परवा मोबाइलवर एक समुपदेशक बाई दिसल्या. मागे मनी प्लांट, पुढ्यात कॉफीचा मग, चेहऱ्यावर ओतप्रोत करुणा. म्हणाल्या, "माझ्याकडे एक क्लायंट येते. नाव बदललंय, बरं का! आपण तिला सायली म्हणू." मग सायलीचा नवरा बोटीवर कधी जातो, सासूबाई कुठल्या भजनी मंडळात आहेत आणि जुळ्यांपैकी कोण बोबडं बोलतं, सगळं दीड मिनिटात आलं. शेजारच्या काकूंनी चष्मा न लावताच ओळखलं, "अगंबाई, ही तर आपल्या बी विंगमधली!"

नाव तेवढं बदलायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, याला गोपनीयता म्हणत असतील, तर तोंडाला रुमाल बांधून गळ्यात आधार कार्ड अडकवण्याला वेषांतर म्हणावं लागेल.

"पण मी तिची परवानगी घेतली होती!" असंही उत्तर तयार असतं. घेतली असेलच. पण रडून डोळे सुजलेली, पुढच्या गुरुवारची वेळ तुमच्याच हातात असलेली बाई "नको" कुठल्या तोंडाने म्हणणार? जिचा हात दगडाखाली आहे तिला दगडानेच विचारायचं, "चालेल ना?"

दुसरा प्रकार घरगुती. मुलगा बावीस वर्षांचा, फी बाबांची. "पैसे आम्ही मोजतो, काय म्हणाला ते सांगा की!" समुपदेशक लिफ्टपाशी हळूच सांगतात, "तसं विशेष काही नाही हो, फक्त एक मुलगी आहे..." रात्री जेवताना वरणभाताबरोबर तेच वाढलं जातं. त्यानंतर तो मुलगा कुणापुढेच तोंड उघडत नाही. फी मात्र पूर्ण वसूल!

कायदा नाही असं नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं 23वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर बोलायची मुभाही तिथेच आहे. म्हणजे तोंड उघडायचं ते जीव वाचवायला, लाइक वाढवायला नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशकाचं तसं नव्हतं. दोन शनिवार-रविवारचा कोर्स, भिंतीवर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, की झाली पाटी तयार. 2021च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत समुपदेशकांनाही घेतलं खरं, पण पाटी रंगवणारा त्याच्याही आधी पोचला होता.

आमच्या गल्लीत एक म्हातारे शिंपी आहेत. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा एक खांदा उतरता आहे, कुणी आजारपणात दोन इंच आटलं, सगळं त्यांच्या तेलकट वहीत. मी एकदा गंमत म्हणून विचारलं, "मास्तर, समोरच्या देशपांड्यांची कंबर किती हो?"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली, वही मिटली.

"काल कुणीतरी तुमचीही विचारत होतं," म्हणाले. "त्यालाही नाही सांगितली."